बाल्टिकची माळ आणि सांगलीचा काळा दोरा

पत्र : माझी मुलगी आणि जावई जर्मनीत श्टुटगार्टला असतात. नातू आठ महिन्यांचा आहे. त्याचे खालचे दोन दात आले आहेत आणि वरचे येऊ घातले आहेत, म्हणून तो रात्री फार किरकिर करतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्याच्या गळ्यात पिवळ्या मण्यांची माळ दिसली. मुलगी म्हणाली की ती अंबरची माळ आहे, इथे पुष्कळ बाळांच्या गळ्यात असते, मण्यांतले आम्ल अंगाच्या उबेने झिरपते आणि हिरड्यांचे दुखणे कमी होते. झोपतानाही ती माळ गळ्यातच असते. मी काळजीने बोलले तेव्हा ती म्हणाली, "आई, तू पाठवलेला काळा करदोटा आणि मनगट्या चालतात, मग माझी माळ का चालत नाही?" मला उत्तर सुचले नाही. ती लहान असताना मी तिच्या हिरड्यांना टाकणखाराची लाही मधात कालवून लावत असे, तेव्हा मी तरी काय सांगणार? माळ खरोखर उपयोगी असते का? नसेल, तर हे तिला कसे सांगावे?
— एक आजी, सांगली

आदरणीय आजी,

आपल्या पत्राचे सविस्तर उत्तर देतोच, पण त्याआधी एक गोष्ट आजच करावी अशी विनंती आहे. मुलीशी वाद मिटण्याची वाट न पाहता तिला आज रात्री एवढेच सांगावे की बाळ झोपताना माळ काढून ठेव. दिवसा ती असावी की नसावी, हे नंतर शांतपणे बोलता येईल. मी स्वतः ती दिवसाही नको असेच म्हणणार आहे, परंतु झोपलेल्या बाळाच्या गळ्यात दोरा असणे हा त्यातला सर्वांत मोठा धोका आहे आणि तो एका मिनिटात टाळता येतो.

आता माळेविषयी. अंबर म्हणजे दगड नव्हे. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची राळ जमिनीत गाडली जाऊन घट्ट झाली, ती ही वस्तू. बाल्टिक समुद्राच्या काठी, म्हणजे आजच्या पोलंड, लिथुआनिया आणि रशियाच्या कालिनिनग्राड भागात, ती फार मोठ्या प्रमाणावर सापडते. जर्मन भाषेत तिला बेर्नश्टाइन, म्हणजे जळणारा दगड, म्हणतात, कारण राळ असल्यामुळे ती खरोखरच पेट घेते. आपल्याकडे संस्कृतात तिला तृणमणी असे सुंदर नाव आहे, कारण लोकरीवर घासली की ती वाळलेल्या गवताच्या काड्या ओढून घेते. माणसाने हजारो वर्षे जिचे दागिने घातले आणि जिच्याभोवती अनेक समजुती गुंफल्या, अशी ही वस्तू आहे. तेव्हा मुलीला तिचा मोह पडला यात नवल नाही.

मुलीने सांगितलेला आम्लाचा मुद्दा पूर्णपणे हवेतला नाही, आणि हे आपण तिच्याजवळ मान्य करावे. बाल्टिक अंबरमध्ये सक्सिनिक आम्ल असते, आणि त्याचे प्रमाण साधारणपणे ३ ते ८ टक्के भरते. या आम्लाचे नावच मुळी अंबरच्या लॅटिन नावावरून पडले आहे, कारण पूर्वी ते अंबर भट्टीत तापवूनच मिळवत असत. खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. भट्टीत तापवल्याशिवाय जे बाहेर पडत नव्हते, ते बाळाच्या गळ्याच्या उबेने बाहेर कसे पडेल? अंबर मऊ पडायलाही दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागते, आणि बाळाच्या त्वचेचे तापमान ३७ अंशांच्याही थोडे खालीच असते. जी राळ चार कोटी वर्षे जमिनीत आणि समुद्राच्या पाण्यात राहूनही आपले आम्ल धरून बसली, ती बाळाच्या घामाने ते सोडून देईल, असे मानायला काही आधार नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हे मणी प्रयोगशाळेत सहा महिने द्रावणात बुडवून पाहिले, तेव्हा शरीरातील क्षारांशी मिळत्याजुळत्या पाण्यात आम्लाचा अंशही उतरला नाही. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

समजा, थोडेसे आम्ल त्वचेतून आत गेले असे क्षणभर धरले, तरी त्याने दुखणे थांबणार नाही. सक्सिनिक आम्ल आपल्या प्रत्येक पेशीत अन्नापासून ऊर्जा तयार होत असताना सतत बनत आणि वापरले जात असते. बाळाच्या शरीरात ते जन्मापासून आहेच. ते असूनही हिरड्या दुखतात, मग वरून आलेल्या कणभर आम्लाने त्या का थांबाव्यात?

तरीही अनेक आया अगदी प्रामाणिकपणे सांगतात की माळ घातली आणि बाळ शांत झाले. त्या खोटे बोलत नाहीत. दात येण्याच्या त्रासाची चालच तशी आहे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळांचे ४७५ दात येताना दररोज नोंदी ठेवण्यात आल्या होत्या. त्यात असे दिसले की चावणे, लाळ गळणे, हिरड्या चोळणे, किरकिर, कमी खाणे असा जो त्रास दाताशी जोडता येतो, तो दात वर येण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या तीन दिवसांपर्यंतच टिकतो. म्हणजे दात वर येण्याचा दिवस धरून एका दातामागे आठ दिवस. आई माळ विकत आणते ती त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत दात वर येऊन बाळ आपोआपच शांत होते. त्या दिवसांत गळ्यात माळ असेल तर श्रेय माळेला मिळते, दाताच्या गोळ्या चालू असतील तर गोळ्यांना, आणि दृष्ट काढली असेल तर मीठमोहऱ्यांना. माझ्या दवाखान्यात इतक्या वर्षांत या आठ दिवसांचे श्रेय घेणारे शंभर उपाय मी ऐकले आहेत.

त्यातले काही उपाय नुसते निरुपयोगी नव्हते. युरोपात आणि अमेरिकेत एकेकाळी दात येताना बाळाला देण्याच्या पुड्या घरोघरी वापरल्या जात आणि त्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा एक क्षार, असे. ती बाळे हातापायांनी गुलाबी-लाल होत, त्यांच्या अंगाची आग होत असे, त्यांना उजेड सहन होत नसे, ती दिवसरात्र रडत आणि काही दगावत. या रोगाला लोक पिंक डिसीज म्हणत. त्याचे कारण त्याच पुड्यांत आहे हे बरीच वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण रडणाऱ्या बाळाला दाताचाच त्रास होतो आहे असे समजून आया आणखी पुडी देत. १९५० च्या दशकात या पुड्यांतून पारा काढून टाकण्यात आला आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. माळ विषारी आहे असे यावरून मला मुळीच सुचवायचे नाही. दात येण्याच्या वयात थकलेल्या आईच्या हाती काहीही देता येते, आणि तिला ते बाळासाठी चांगलेच वाटते, एवढेच दाखवायचे आहे.

माळेचा धोका अंबरमध्ये नाही, दोऱ्यात आणि मण्यांत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दात येण्यासाठीच्या माळा आणि कडी बाळांना घालू नयेत, असा इशारा दिला. त्या इशाऱ्यात दोन घटना नमूद आहेत. अठरा महिन्यांचे एक मूल दुपारी झोपलेले असताना अंबरच्या माळेने गळा आवळला जाऊन दगावले. सात महिन्यांच्या दुसऱ्या बाळाच्या घशात दात येण्यासाठीच्या लाकडी कड्याचे मणी अडकले आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. ही दुसरी घटना घडली तेव्हा पालक समोरच होते. जर्मनीतले बालरोगतज्ज्ञही या माळांविरुद्ध पालकांना सावध करतात, तेव्हा "इथे सगळेच घालतात" याला तिथल्याच डॉक्टरांचे उत्तर आहे.

हे कसे घडते तेही आपल्याला ठाऊक असावे, म्हणजे मुलीला सांगताना नुसती भीती सांगितली असे होणार नाही. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, मान आखूड आणि श्वासनलिका मऊ असते. माळ पाळण्याच्या गजात, खेळण्याच्या टोकाला किंवा कपड्याच्या बटणात अडकली आणि बाळ दुसऱ्या बाजूला वळले, तर अडकलेला दोरा सोडवण्याची ताकद आणि समज त्याच्याजवळ नसते. सर्वांत वाईट गोष्ट अशी की गळा आवळलेल्या बाळाला रडता येत नाही. शेजारच्या खोलीत असलेल्या आईला काहीच ऐकू येत नाही. आपला नातू आठ महिन्यांचा आहे, म्हणजे आता तो रांगेल, कठडा धरून उभा राहील, आणि अडकण्याच्या जागा दर आठवड्याला वाढतच जातील.

विकणारे सांगतात की प्रत्येक मण्यानंतर गाठ मारलेली असते आणि ओढ बसली की माळेची कळ सुटते. इथे मला एक साधा विचार मांडावासा वाटतो. दोरा मजबूत असेल तर मणी निसटणार नाहीत, पण गळ्याला फास बसू शकेल. दोरा कच्चा असेल किंवा कळ सैल असेल तर फास बसणार नाही, पण तुटलेली माळ आणि सुटलेले मणी बाळाच्या हाती येतील, आणि या वयात हाती आलेले सगळे तोंडात जाते. गळा आणि घसा या दोहोंना एकाच वेळी सुरक्षित ठेवील असा दोरा बनवता येत नाही. पायात घातली तरी मण्यांचा धोका तसाच राहतो, कारण आठ महिन्यांचे बाळ पायाचा अंगठा सहज तोंडापर्यंत नेते. मिळणारा लाभ शून्य असताना एवढी जोखीमही का पत्करावी, हा माझा प्रश्न आहे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. आजी, तिचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याला थोडे बोचेल. जो नियम तिच्या माळेला, तोच आपल्या काळ्या दोऱ्यालाही लागू केला पाहिजे. करदोटा कमरेला असतो, त्याने गळा आवळत नाही, म्हणून तो माळेइतका धोक्याचा नाही, हे खरे आहे. परंतु बाळाचे पोट आठवड्या-आठवड्याला वाढते, दोरा मात्र तेवढाच राहतो. तो डायपरखाली ओला राहून त्वचेला काचतो, आणि मी सोडवलेल्या कित्येक करदोट्यांखाली लाल वळ उमटलेले पाहिले आहेत. मनगट्यांचे काळे मणी दात फुटलेले बाळ चावून काढू शकते, आणि तो मणी घशात जाण्यासाठी अगदी बेताच्या आकाराचा असतो. मनगटावर घट्ट बसलेल्या दोऱ्याने रक्तपुरवठाही अडू शकतो. दृष्ट लागू नये म्हणून आपल्याला काही करावेसे वाटत असेल तर गालाला किंवा तळपायाला तीट लावायला सांगा, पण घरचे काजळ डोळ्यांत नको. ताईत किंवा जिवतीचे पदक पाठवले असेल तर ते बाळाच्या अंगावर नव्हे, देवघरात ठेवायला सांगा. तिथूनही त्याचे काम होईल, असा आपला विश्वास असेलच.

संक्रांतीला बोरन्हाण करण्याचा घरात विचार असेल, तर त्यालाही हेच लागू आहे. हलव्याचे दागिने फोटोपुरते घालावेत, बाळ कोणाच्या तरी मांडीवर असावे, आणि फोटो झाला की हार लगेच उतरवावा, कारण हलव्याचा दाणा आठ महिन्यांच्या बाळाच्या घशात अडकण्याजोगा असतो. बोरे, उसाचे तुकडे आणि हरभरे डोक्यावरून ओतण्याऐवजी मूठभर चुरमुरे ओतावेत आणि ते बाळाच्या हाती लागण्याआधी उचलावेत.

टाकणखाराविषयी आपण जे मोकळेपणाने लिहिले त्याबद्दल मी आपला आभारी आहे. त्या काळी पुष्कळ घरांत ते केले जात असे आणि आपण ते मायेनेच केले. पण आता ते कोणाला सुचवू नका. टाकणखार पोटात गेला तर लहान बाळाला झटके येऊ शकतात, आणि एक वर्षाच्या आत मध देऊ नये, कारण त्यातून एका जंतूमुळे अर्भकांना स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. हिरड्या बधिर करणारी मलमेही टाळावीत. त्यांतल्या बेन्झोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते, आणि लिडोकेन जास्त प्रमाणात गिळले गेले तर झटके येऊ शकतात. दोन्ही औषधांविषयी अमेरिकेत अधिकृत इशारे दिलेले आहेत.

मग बाळाला आराम कशाने मिळेल? आपल्या घरात जे आहे त्यानेच. हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडीवर हलका दाब देत चोळावे, याइतका चांगला उपाय मला दुसरा माहीत नाही, कारण त्यात आईचा किंवा आजीचा स्पर्शही मिळतो. स्वच्छ, मऊ पंचा ओला करून फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, थोडा वेळ ठेवावा आणि बाळाला समोर बसून चावू द्यावा. रबराचे एकसंध चावणेही तसेच थंड करून द्यावे, मात्र आत पाणी भरलेले किंवा गोठून दगड झालेले देऊ नये. गाजराचा किंवा काकडीचा तुकडा हातात देऊ नये, कारण दोन दात त्याचा लचका तोडायला पुरेसे असतात, तो चावायला नसतात. लाळेने हनुवटी आणि गळा लाल होतो, तो दिवसातून अनेकदा मऊ कापडाने टिपावा, घासू नये, आणि वर साध्या मलमाचा हात फिरवावा. एखाद्या रात्री बाळ फारच हैराण असेल तर पॅरासिटामॉल देता येते, पण त्याची मात्रा वजनावर ठरते, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि इथल्या व तिथल्या औषधांची तीव्रता सारखी नसते. म्हणून इथून बाटली पाठवू नका आणि फोनवर चमचे सांगू नका. मुलीने तिथल्या बालरोगतज्ज्ञाला विचारूनच ते द्यावे.

आणखी एक काळजी आपण आजी म्हणून घेऊ शकाल. आपल्याकडे दात आणि जुलाब यांची इतकी घट्ट सांगड घातलेली आहे की बाळाला पातळ शी झाली तरी "दात येताहेत" म्हणून घरातले गप्प बसतात. दातांमुळे जुलाब होत नाहीत. या वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, वरचे अन्न सुरू झालेले असते आणि बाळ जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते, म्हणून जंतू पोटात जातात आणि जुलाब होतात. तापाचेही तसेच आहे. अंग किंचित कोमट लागू शकते, पण ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप आला तर तो दातांचा समजू नये. जुलाब, उलट्या, ताप, अंगावर पुरळ, लघवी कमी होणे किंवा बाळ मलूल दिसणे, यांतले काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवायचे. मुलीने कधी "दातांमुळे असेल" असे म्हटले, तर "तरी एकदा दाखवून घे" असे म्हणणे आपले काम आहे.

मुलीला हे सांगावे कसे, असे आपण विचारले आहे. व्हिडिओ कॉलवर जावयांसमोर हा विषय काढू नका. तिला एकटीला फोन करा, आणि आमच्या वेळी असे नव्हते, असे म्हणून सुरुवात करू नका. परदेशात, आई जवळ नसताना, रात्र-रात्र जागून बाळ सांभाळणाऱ्या मुलीने ती माळ घेतली आहे. तिच्या बरोबरीच्या आयांकडे पाहून, बाळाचे दुखू नये एवढ्याच इच्छेने तिने ती घेतली. तिला आधी तेवढे ऐकवा. मग आपणच एक पाऊल मागे घ्या. "तुझा प्रश्न बरोबर होता, मी पाठवलेला दोरा आणि मनगट्या आजच काढून टाक, मला राग येणार नाही. आणि माझ्यासाठी तू माळ काढ." माझा अनुभव असा आहे की तरुण आया डॉक्टरांच्या दहा वाक्यांपेक्षा आईच्या अशा एका वाक्याने लवकर ऐकतात, कारण त्यात कोणाची हार होत नाही.

तरी तिचे समाधान झाले नाही, तर वाद वाढवू नका. जर्मनीत बाळांच्या ठरलेल्या तपासण्या होतात, आणि दहाव्या ते बाराव्या महिन्यात यू-६ नावाची तपासणी असते. पण एवढे थांबण्याचीही गरज नाही. बाळाच्या डॉक्टरांना आताच फोन करून विचार, आणि ते जे सांगतील ते मला मान्य असेल, असे तिला म्हणा. उत्तर येईपर्यंत झोपताना आणि गाडीच्या बाळखुर्चीत माळ गळ्यात नसेल, एवढे वचन मात्र आत्ताच घ्या.

माळ फेकून द्यायला सांगू नका. तृणमणी सुंदर असतात आणि त्या माळेवर तिचे पैसे आणि माया दोन्ही खर्च झाले आहेत. ती बाळाच्या हाताला लागणार नाही अशा पेटीत ठेवू द्या.

आपल्या नातवाच्या वरच्या दातांची वाट पाहत आहे. ते आले की अवश्य कळवा.

आपला,
सदरलेखक डॉक्टर